ब्याण्णव मिलिमीटर कमी

चेन्नईत घर शोधताना मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून ठेवली होती. शाकाहारी आहात का, माणसं किती, पाहुणे किती दिवस राहतात, टीव्ही मोठ्यानं लावता का. नुंगंबाक्कमच्या त्या तीन मजली जुन्या घराच्या मालकांनी यातलं एकही विचारलं नाही. त्यांनी मला चपला काढायला लावल्या, दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं, डोक्यावर एक लाकडी ठोकळा ठेवला आणि खिशातला स्टीलचा टेप काढून माझी उंची घेतली. एक हजार सातशे मिलिमीटर. मग पांढऱ्या सुती दोऱ्याचं रीळ आणलं, त्यातून उंचीच्या बरोब्बर निम्मा दोरा कापला आणि माझ्या हातात दिला.

"बेंबीवरून फिरवावा," ते म्हणाले. "पोट आंत ओढूं नका. श्वास सोडा."

मी श्वास सोडला आणि दोरा फिरवला. टोकं काही भेटेनात. मी ओशाळून म्हणालो, "पाचेक बोटं कमी पडतोय."

"बोटें कोणाची? तुमची की माझी?" त्यांनी टेप लावला. "ब्याण्णव मिलिमीटर. नो-गो."

तेवढ्यात आतल्या खोलीतून माझी बायको बाहेर आली. तिचं माप मालकीणबाईंनी घेतलं होतं. ती पास झाली होती आणि ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मालकांनी दोन्ही दोऱ्यांना चिठ्ठ्या बांधल्या, ते व्हरांड्यातल्या फळीवर खिळ्यांना अडकवले आणि मग किल्ली दिली. रिक्षात बसल्यावर बायको म्हणाली, "घर छान आहे. माणूस जरा वेगळाच आहे." माझ्या पोटाला अजून तो दोरा टोचल्यासारखं वाटत होतं.

त्यांना सगळे 'इन्स्पेक्टर' म्हणत. नवीन माणसाला ते पोलीस खात्यातले वाटत आणि तो आपली दुचाकी सरळ रेषेत लावू लागे. हा गैरसमज दूर करायची त्यांना कधी घाई नसायची. खरं म्हणजे ते चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावी संरक्षण खात्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. लोखंडाचे सुटे भाग त्यांच्या टेबलावर यायचे आणि ते मापून पास किंवा नापास करायचे. निवृत्त होऊन पंधराएक वर्षं झाली होती, पण शर्टाच्या खिशात मिलिमीटरचे अंश मोजणारा व्हर्नियर असायचाच, जसा दुसऱ्यांच्या खिशात चष्मा असतो. मी त्यांना मामा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मामी. त्यांचं घराणं तंजावरकडचं मराठी. शब्द आमच्या खापरपणजोबांच्या काळातले आणि बोलण्याची चाल सगळी तमिळ. 'सगळं' म्हणायचं असलं की 'अस्कं' म्हणायचे. मी सांगलीचा. सुरुवातीला त्यांचं बोलणं कळायला मला वेळ लागायचा आणि माझं बोलणं त्यांना फार भरभर वाटायचं.

अंदाज हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. मामींनी मीठ अंदाजानं टाकलं असं कुणाच्या तोंडून निघालं, तर ते स्वयंपाकघरातून उठून जात. एकदा त्यांनी जॉर्ज टाउनमधून नवीन इडलीपात्र आणलं. घरी येऊन प्रत्येक खळग्याची खोली मोजली, दोन खळगे उथळ निघाले, आणि ते पात्र घेऊन भर उन्हात पुन्हा दुकानात गेले. माझ्या बँकेची शाखा त्याच भागात, म्हणून मलाही साक्षीला बोलावलं. दुकानदार म्हणाला, "सार, इडली खाल्ल्यावर कुणाला कळतं?" मामा म्हणाले, "मला." दुकानदारानं पात्र बदलून दिलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पाहिलेंत? मोजलें की भांडावें लागत नाही."

कारखान्यातली एक वस्तू त्यांना सगळ्यांत प्रिय होती. गो-नो-गो गेज. भोक बरोबर पाडलंय की नाही हे बघायला एक दांडी असते. तिचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. बस्स. आकडा नाही, चर्चा नाही, साहेबाचा फोन नाही. कुठल्याशा आरोग्य शिबिरात त्यांना कळलं की माणसाची कंबर त्याच्या उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, आणि त्यांना तो क्षण साक्षात्काराचा वाटला. माणसालाही गो-नो-गो गेज आहे! त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक भाडेकरूचा दोरा व्हरांड्यात टांगला गेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, काही खायच्या आत, सगळ्यांनी खाली उतरायचं आणि आपापला दोरा फिरवायचा. बायकांचं माप मामी आत घ्यायच्या, पुरुषांचं मामा व्हरांड्यात. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायचे. मला फार लाज वाटायची.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या खाली पहिल्या मजल्यावर एक तमिळ इंजिनिअर राहायचे. श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात होते, कंपनीच्या बसनं जायचे यायचे. वय चाळीस-बेचाळीस, अंगानं काटकुळे, हात तर झाडूच्या काडीसारखे. वजन अगदी पुस्तकात असतं तेवढं. पण दोरा त्यांच्याही पोटाला पुरत नव्हता. ते चिडून कंपनीतल्या तपासणीचा कागद घेऊन आले होते. त्यावर वजन 'नॉर्मल' लिहिलेलं.

मामांनी कागद परत केला. "हें पार्सलचें वजन. आंत काय भरलें आहे तें काट्याला कसें ठाऊक? हातापायांत मांस नाही, पोटांत चरबी आहे. अस्कं चुकीच्या जागीं."

माझं मात्र सरळ होतं. आत आणि बाहेर दोन्हीकडे भरपूर होतं. वय सेहेचाळीस, खुर्चीची नोकरी, संध्याकाळी शाखेसमोरची केळ्याची बज्जी, आणि घरी आल्यावर बायकोच्या हातचं काही खमंग. मी दर महिन्याच्या त्या रविवारी खाली जायचो, ब्याण्णव, एक्याण्णव, त्र्याण्णव असं काहीतरी ऐकायचो आणि वर येऊन पोहे खायचो. हे असंच चाललं असतं.

जूनमध्ये बँकेच्या तपासणीत रक्त दिलं, पोटाची सोनोग्राफीही झाली. रिपोर्टात जे बिघडलेलं असतं ते ठळक अक्षरात छापतात. माझ्या पानावर ठळक अक्षरंच जास्त होती. साखर रेषेच्या थोडी वर, रक्तातली चरबी बरीच वर, यकृतावर मेद, आणि सीआरपी नावाचं काहीतरी, जे मला माहीतच नव्हतं. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आमच्याच रस्त्यावर होता. त्यांनी विचारलं, घरात कुणाला मधुमेह होता का. मी म्हणालो, वडिलांना. त्या म्हणाल्या, "सहा महिने देते. डिसेंबरात परत रक्त तपासू. खाली आलं तर ठीक, नाही तर गोळ्या सुरू. आणि घरातला इतिहास बघता मी जास्त दिवस वाट बघणार नाही."

मी तो रिपोर्ट घरी आणला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला. बँकेत काम करणाऱ्या माणसानं कागद लपवायला साड्यांचा कप्पा निवडावा, यावरून माझी काय अवस्था होती ते कळेल. दोन दिवसांत तो बायकोच्या हाती लागला. ती तो घेऊन सरळ खाली मामींकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मामांनी बोलावलं. रिपोर्ट त्यांच्या पुढ्यात होता आणि सीआरपीखाली तांबडी रेघ मारलेली होती.

"अहो बँकेचे, इकडे यावें. मशीनचें बेअरिंग जातें तेव्हां आधीं काय होतें, माहीत आहे?"

"आवाज येतो."

"नाही! आवाज फार मागाहून. आधीं तें तापतें. आमचे जुने फोरमन रोज सकाळीं मशीनला उलटा हात लावीत. गरम लागलें की थांबवीत." त्यांनी तांबड्या रेघेवर बोट ठेवलं. "हा आंकडा म्हणजे तो उलटा हात, अंगांतली धग सांगणारा. पोटांतली चरबी तिथें गप्प बसलेली नाही. धुमसते आहे. धग सगळ्या अंगाला लागते. तुम्हांला अजून आवाज येत नाही, म्हणून तुम्ही बज्जी खातां."

मग त्यांनी वडिलांबद्दल विचारलं आणि मी सांगितलं. बायकोलाही मी ते कधी सगळं सांगितलं नव्हतं. वडिलांच्या पायाला साधी जखम झाली होती, चपलेची. ती वर्षभर भरली नाही. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, रोज ड्रेसिंग करायचो. आधी एक बोट काढलं, मग पाऊल, मग बावन्नाव्या वर्षी वडीलच गेले. मला रक्ततपासणीची भीती वाटत नव्हती. मला त्या खोलीच्या वासाची भीती वाटत होती, आणि सांगलीला आईकडे शिकायला ठेवलेला माझा मुलगा ड्रेसिंग करताना कसा दिसेल याची.

मामांनी रिपोर्टाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं: ९२. "डिसेंबरपर्यंत हें शून्य करूं," ते म्हणाले. "सेरी?"

मी सेरी, म्हणजे ठीक आहे, म्हणालो आणि लगेच सगळं चुकीचं केलं. माणूस घाबरला की करतो तेच. रात्रीचं जेवण बंद केलं. सकाळी नुसता चहा, दुपारी दोन काकड्या, वर तासभर चालणं. दोन महिन्यांत सहा किलो उतरलो. शाखेत तर माझी मिरवणूकच काढायची बाकी होती. मॅनेजरबाईंनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या, शिपायानं माझी पँट किती सैल झाली ते ओढून दाखवलं. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी व्हरांड्यात अगदी ऐटीत उतरलो.

"चौऱ्याहत्तर," मामा म्हणाले.

"काय?"

"सहा किलो गेले आणि पोट अठरा मिलिमीटर? मग बाकीचे गेले कुठून?" त्यांनी फाटकाशी ठेवलेल्या पिण्याच्या पाण्याच्या कॅनकडे बोट दाखवलं. आमच्याकडे पिण्याचं पाणी वीस लिटरच्या कॅनमधून येतं, गाडीवाला खाली ठेवून जातो आणि ज्यानं त्यानं आपला कॅन वर न्यायचा. "न्या पाहूं वर."

हे मी दर आठवड्याला करत आलो होतो. कॅन खांद्यावर घेतला. पहिल्या मजल्यापर्यंत गेलो आणि पाय लटपटायला लागले. कॅन ठेवून पायरीवर बसलो, घाम पुशीत. खालून मामांचा आवाज आला, "पाहिलेंत? भिंती पाडल्या आणि माळ्यावरची अडगळ तशीच ठेवली. रिजेक्ट!"

त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला की विचारू नका. पण मुद्दा बिनतोड होता. उपाशी राहून मी मांड्यांतलं आणि दंडातलं मांस घालवलं होतं. ज्यात साखर जिरायची, तेच.

मग मामांनी माझा ताबा घेतला. त्या दिवसापासून घरातले सगळे कॅन वर न्यायचं काम माझं आणि इंजिनिअरसाहेबांचं. आमचे, त्यांचे, आणि तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या दोन शिक्षिकांचेही. त्या बायकांनी हरकत घेतली नाही. संध्याकाळी बज्जीच्या जागी मामींच्या हातचं सुंडल, म्हणजे उकडलेले हरभरे किंवा चवळी, वर खोबरं आणि मोहरीची फोडणी. रात्रीचं जेवण परत सुरू झालं, पण दिवेलागणीच्या सुमारास. आधी भाजी आणि डाळ, मग ताक, भात शेवटी. भातासाठी त्यांनी पत्र्याची एक गोल कडी बनवली होती. ताटात कडी ठेवायची, आत बसेल तेवढाच भात. जेवणानंतर गच्चीवर पंधरा फेऱ्या. आणि दहाला झोप. साडेदहाला आमचा दिवा दिसला की खालून हाक यायची, "बँकेचे, कारखाना बंद करा!"

माझी बायको हे सगळं बघून फार खूश होती. मी मात्र कुरकुर करायचो. पण सप्टेंबरात बावन्न आलं. ऑक्टोबरात चोवीस. गुडघे दुखायचे थांबले, दुपारी जेवल्यावर टेबलावर डोळे मिटायचे ते थांबले. मी दोन कॅन एकामागोमाग तिसऱ्या मजल्यावर नेऊन खाली उतरायचो आणि शीळ घालायचो. शीळ मला नीट येत नाही, तरीही.

मग आयुधपूजा आली. तमिळनाडूत त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची, गाड्यांची पूजा करतात. मामांकडे तो सगळ्यांत मोठा सण. त्यांनी व्हर्नियर, टेप, पट्ट्या सगळं तेल लावून पुसलं आणि चौरंगावर मांडलं. आणि या वर्षी त्यांना वाटलं की आपल्या सगळ्यांत महत्त्वाच्या गेजची पूजा राहूनच जाते. म्हणून फळीवरचे अस्के दोरे उतरवले, हळदीच्या कोमट पाण्यात स्वच्छ धुतले, गच्चीवर कडक उन्हात वाळवले, कुंकू लावून परत टांगले. पिवळेधमक दोरे ओळीनं लटकताना फार देखणे दिसत होते. मी स्वतः त्यांचा फोटो काढून सांगलीला पाठवला.

पुढे दिवाळी झाली. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, एका ओळीत, सगळं घर नापास झालं. शिक्षिका, इंजिनिअर, मामीसुद्धा. माझी बायको, जी पहिल्या दिवसापासून पास, तीही काठावर नापास. मामा हसले. "दीपावळी! जिलेबी, मुरुक्कू, म्हैसूरपाक. अस्कं दोऱ्यावर आलें." सगळ्यांनी माना खाली घातल्या, कारण सगळ्यांनीच खाल्लं होतं. मी खाल्लं नव्हतं. एक शंकरपाळंसुद्धा नाही. चार दिवस मी पाहुण्यांकडे ताट फिरवत होतो आणि स्वतः चणे खात होतो.

माझं माप चोवीसवरून तेहेतीस झालं होतं.

"मामा, मी काही खाल्लेलं नाही."

"थोडें खाल्लें असेल."

"एक कण नाही."

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गेज खोटें बोलत नाही, बँकेचे. माणूस बोलतो."

सगळ्यांच्या समोर म्हणाले. मी दोरा फळीवर टाकला आणि वर निघून आलो. महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. कॅन मात्र उचलत राहिलो, दुप्पट जोरानं, कारण राग काढायला दुसरं काही हाताशी नव्हतं. भाताची कडी अर्धीच भरायचो. सकाळी उठून गच्चीवर चालायचो, तेही खालपर्यंत त्यांना ऐकू जावं असे पाय आपटत.

डिसेंबरचा पहिला रविवार. पंधरा मिलिमीटर. नो-गो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त द्यायचं होतं. मी वर आलो आणि बायकोला सांगितलं, मी जाणार नाही. काय उपयोग? सहा महिने सगळं करूनही जे माझ्यात आहे ते आहेच. वडिलांकडून आलेलं आहे, ते एका दोऱ्यानं जाणार आहे थोडंच. डॉक्टरांच्या गोळ्या जेव्हा सुरू व्हायच्या तेव्हा होऊ देत, मला तो ठळक अक्षरांचा कागद पुन्हा हातात घ्यायचा नाही. बोलता बोलता मी रडायला लागलो. बायकोनं मला त्याआधी कधी रडताना पाहिलेलं नव्हतं, लग्नाला अठरा वर्षं होऊनही.

ती उठून खाली गेली. पुढचं मी मामींकडून ऐकलं. ती मामांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यांनी दिवाळीत काही खाल्लं नाही. मी घरात होते. तुमचा दोरा चुकतोय." मामा म्हणाले, दोरा कसा चुकेल? त्यावर तिनं फळीकडे पाहिलं, मामींकडे पाहिलं, आणि दोघींना एकाच वेळी कळलं.

"अय्यो," मामी म्हणाल्या, "कोरा दोरा! तुम्ही कोरा दोरा पाण्यांत घातलांत!"

कोरं सुती कापड पाण्यातून काढल्याशिवाय शिवायला टाकू नये, नाही तर पहिल्या धुण्यात आटतं, हे कुठल्याही घरातल्या बाईला ठाऊक असतं. मामांना नव्हतं. त्यांचं सारं आयुष्य लोखंडात गेलं. लोखंड धुतल्यानं आखूड होत नाही. चौतीस वर्षं ज्यांनी रोज सकाळी आधी गेज तपासला आणि मग माल तपासला, त्यांनी पूजेनंतर एकदाही त्या दोऱ्यांना टेप लावला नव्हता. आता लावला. माझा दोरा आठशे पन्नासचा होता. तो आठशे पंचवीस भरला.

मला जिन्यावर पावलं ऐकू आली. मामा कधी वर येत नसत, भाडेकरूच्या घरात मालकानं पाऊल टाकू नये असा त्यांचा नियम. ते दारात उभे राहिले. हातात माझा पिवळा दोरा, टेप, आणि चेहरा असा की मीच घाबरून उठलो.

"पंचवीस," ते म्हणाले. "पंचवीस मिलिमीटर आटला. तुम्ही आज पंधरानें नापास नाही. दहानें पास आहांत." थांबले. "मी तुम्हांला खोटें म्हटलें. सगळ्यांसमोर म्हटलें. आतां सगळ्यांसमोर परत घेतों. खाली यावें."

मला वाटलं दोन शब्द बोलतील. पण इन्स्पेक्टरच ते. सगळ्यांना व्हरांड्यात गोळा केलं. कारखान्यात नापास मालाला जशी तांबडी चिठ्ठी लावतात तशी एक चिठ्ठी बनवली, तिच्यावर कारण लिहिलं, 'गेज न तपासतां तपासणी', सही केली, आणि ती स्वतःच्या शर्टाला टाचणीनं लावून घेतली. तमिळमध्ये आणि मराठीत दोनदा सांगितलं की चूक तपासनिसाची आहे, मालाची नाही. इंजिनिअरसाहेब टाळ्या वाजवायला लागले. ते नोव्हेंबरातच पास झाले होते, हे त्यांच्याही त्याच वेळी ध्यानात आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एक शिक्षिका म्हणाल्या, "म्हणजे मी दिवाळीत खाल्लेली जिलेबी मोजायची नाही का?" मामी म्हणाल्या, मोजायची.

माझा राग त्या चिठ्ठीत कुठं गेला ते मला कळलं नाही. मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर मागे सरकले. म्हणाले, "नकों. एक ऐका. गेज पंचवीसनें कडक झाला, तरी तुम्ही थांबलां नाहीत. रागानें कां होईना, ड्रॉइंगमध्यें मागितलें त्यापेक्षां चांगला माल काढलात. उद्यां रक्त द्यायचें आहे. मी बरोबर येतों."

आणि खरंच आले. सकाळी साडेसहाला, तांबडी चिठ्ठी लावलेल्याच शर्टात. दवाखान्यात रक्त घेणाऱ्या मुलीनं सुई टोचली तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. मामांनी सुई किती गेजची आहे ते तिला विचारलं आणि उत्तर वहीत टिपून घेतलं.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत मी आणि मामा बसलो होतो. त्यांनी पान उलटलं, परत पहिलं पान बघितलं, जूनचा कागद मागून घेऊन शेजारी ठेवला. मला त्यांच्या चेहऱ्यावरचं काही वाचता येईना. मी टेबलावरचा कागद उलटा वाचायचा प्रयत्न केला. आकडे दिसत नव्हते, पण अक्षरं दिसत होती. सगळ्या ओळी सारख्या बारीक होत्या. ठळक एकही नव्हती.

"सीआरपी खाली. साखर खाली. चरबी खाली," त्या म्हणाल्या. "काय केलंत तुम्ही? गोळ्या नकोत. सहा महिन्यांनी या."

मी उठलो, मामांचा हात दोन्ही हातांनी दाबला आणि एकटाच खोलीबाहेर दवाखान्याच्या व्हरांड्यात येऊन सांगलीला फोन लावला. आईला मी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. तिनं एकदा सगळं बघितलं होतं, दुसऱ्यांदा कशाला, म्हणून. आता सगळं एका दमात सांगितलं. जून, रिपोर्ट, दोरा, कॅन, हळद, चिठ्ठी. मला साखर होणार होती आई, आणि झाली नाही.

फोनमध्ये पंख्याच्या आवाजात तिनं नाक ओढलेलं ऐकू आलं. मग आई म्हणाली, "तुझ्या वडिलांना असा घरमालक भेटला नाही रे."

मी मागे वळून बघितलं. खोलीत डॉक्टरीणबाई चपला काढून भिंतीला टेकून ताठ उभ्या होत्या, नर्सच्या हातात पांढरा दोरा होता, आणि मामा तिला बजावत होते, "हा धुऊन, वाळवून, मग कापलेला आहे. निःशंक मोजा!" बाहेर बाकावर बसलेले सगळे पेशंट माना लांब करून आत बघत होते, आणि त्यातल्या तिघांनी आपणहून चपला काढून ठेवल्या होत्या.

"आई," मी म्हणालो, "रडू नकोस. इथं रांग लागलीय."